नोंदवहीत नसलेला रकाना : ओतूर, १८७७ आणि रक्तातील बुरशी

२० एप्रिल १८७७. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथून सावित्रीबाई फुले जोतीरावांना पत्र लिहीत होत्या. १८७६ साल सरले, दुष्काळ मात्र सरला नाही, हे त्या आरंभीच कळवतात. नद्या, ओढे, तळी आटलेली, झाडांवर पान नाही, जमिनीला भेगा, जनावरे चालता चालता कोसळतात, माणसे गाव सोडून निघाली आहेत आणि काहींनी पोटची मुले विकली आहेत. भुकेपोटी विषारी फळे खाणारी माणसेही या पत्रात भेटतात. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते गावोगाव मदत पोहोचवत होते. सावकारांविरुद्ध दंगे उसळले तेव्हा पन्नास सत्यशोधकांना पकडण्यात आले. सावित्रीबाईंनी थेट कलेक्टरांना जाब विचारला, कार्यकर्ते सुटले आणि वर ज्वारीच्या चार बैलगाड्याही आल्या.

समाजसुधारणेच्या इतिहासात हे पत्र पुष्कळदा वाचले जाते. या थ्रेडमध्ये ते वैद्यकाच्या इतिहासातील कागद म्हणून वाचू. प्रश्न एकच आहे : १८७७ साली ओतूरच्या परिसरात जी माणसे दगावली, ती नेमकी कशाने? ‘भुकेने’ हे उत्तर खरे आहे आणि अपुरेही. याच प्रश्नाचा माग काढत गेले की आपण आजच्या अतिदक्षता विभागात, रुग्णाच्या रक्तात शिरलेल्या बुरशीपाशी येऊन पोहोचतो.

आधी भूगोल. जुन्नर आणि आंबेगाव हे सह्याद्रीच्या कुशीतले प्रदेश. आंबेगाव तेव्हा खेड तालुक्याचा पेटा होता. ज्या गावावरून हे नाव पडले ते जुने आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. पश्चिमेला भीमाशंकर, नाणेघाट, माळशेजच्या बाजूला धुवाधार पाऊस. तिथे नाचणी, वरई आणि भात. पूर्वेकडे सरकावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो आणि शेती बाजरी-ज्वारीच्या भरवशावर येते. आज कुकडी आणि घोड नद्यांवरील धरणांनी पूर्वेचा पट्टा हिरवा केला आहे, त्यामुळे द्राक्षबागांच्या या मुलुखात १८७७ची कल्पना करणे अवघड जाते. तेव्हा धरण नव्हते, कालवा नव्हता, आणि दोन वर्षांपूर्वीच, १८७५ साली, पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकरी सावकारांच्या खतपत्रांवर तुटून पडले होते. घरात साठा नाही, पत संपलेली, आणि त्यावर १८७६चा पाऊस दगा देऊन गेला.

मुंबई इलाख्यात त्या काळी गावोगावच्या मृत्यूंची नोंद होत असे. गावकामगारांकडून आलेली ही माहिती वरच्या कचेऱ्यांत ठरावीक रकान्यांत बसवली जाई : पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, इजा आणि उरलेले सारे ‘इतर’. या यादीत भुकेला रकाना नव्हता. ताप हा रकाना तर सर्वांत मोठा आणि सर्वांत संदिग्ध होता. हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, क्षय, काहीही असो. मरण्यापूर्वी अंग तापले होते एवढे पुरे. परिणामी, निव्वळ उपासमारीने फार थोडे मेले असे एखादा अधिकारी मनापासून म्हणू शके, कारण त्याच्यासमोरचा कागद तसेच सांगत होता. १८८० साली अहवाल देणाऱ्या दुष्काळ आयोगाने ब्रिटिश मुलुखातील जादा मृत्यूंचा अंदाज सुमारे साडेबावन्न लाख इतका केला. ही माणसे नोंदवहीत कुठे तरी होतीच. ती ताप आणि हगवणीच्या रकान्यांत विखुरली होती.

किती अन्न पुरेसे, यावरही त्याच वर्षी वाद पेटला. सर रिचर्ड टेंपल यांनी १८७३-७४च्या बिहार दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून सढळ हाताने मदत केली होती. माणसे वाचली, आणि टेंपल यांच्यावर उधळपट्टीचा ठपका आला. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी त्यांनाच दुष्काळी प्रतिनिधी म्हणून दक्षिणेत पाठवले. या वेळी टेंपल यांनी हात आखडता घेतला. मदतकामावर दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्याएवढी मजुरी आणि वर किरकोळ पैसे. बायका-मुलांना त्याहून कमी. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून काम सोडले. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या पुणे सार्वजनिक सभेने सरकारकडे निषेध नोंदवला. त्याच वर्षी टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले, हा इतिहासाचा खास शिष्टाचार म्हणायचा.

मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डब्ल्यू. आर. कॉर्निश यांनी टेंपल यांना शास्त्राच्या आधारे विरोध केला. श्रम करणाऱ्या शरीराला एवढे धान्य पुरत नाही, आणि डाळीवाचून नुसत्या धान्यावर शरीर झिजत जाते, हा त्यांचा मुद्दा. तुरुंगातल्या कैद्यांचा शिधाही याहून बरा होता. मद्रासमधल्याच एका मदतछावणीत अलेक्झांडर पोर्टर या डॉक्टरांनी दगावलेल्यांची शवविच्छेदने केली आणि १८८९ साली मद्रास दुष्काळातील रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. आक्रसलेले अवयव, झिजलेली आतडी, आणि या सर्वांवर हगवणीची अखेरची धाड, असे ते चित्र होते. भूक आणि रोग यांना वेगवेगळ्या रकान्यांत टाकणे किती कृत्रिम आहे, हे त्या टेबलावर उघड दिसत होते. ओतूरहून धाडलेल्या पत्रात जे डोळ्यांनी पाहिलेले आहे, तेच पोर्टर यांच्या ग्रंथात शरीराच्या आतून दिसते.

इथे एक सावधगिरी हवी. ‘भुकेला माणूस कोणत्याही रोगाने लवकर मरतो’ हे विधान जितके सोपे वाटते तितके खरे नाही. दख्खनमध्ये आणि इतरत्रही मृत्यूंचे शिखर अनेकदा दुष्काळाच्या ऐन कोरड्या महिन्यांत येत नसे. पाऊस परतल्यावर, डास वाढल्यावर, हिवतापाच्या लाटेबरोबर ते येई. म्हणून एलिझाबेथ व्हिटकोम्ब यांच्यासारख्या इतिहासकारांनी पावसानंतरच्या हिवतापावर भर दिला. पंजाबचा अभ्यास करणाऱ्या शीला झुरब्रिग यांनी उलट दाखवले की डास दरवर्षी येत, पण हिवताप हजारोंना मारत सुटे तो धान्य महाग झालेल्या वर्षांत. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. तरी झुरब्रिग यांचा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो, कारण तो ‘रोग कोणाला झाला’ यापुढे जाऊन ‘झाल्यावर कोण वाचले’ असे विचारतो.

या प्रश्नाला विज्ञानात जागा मिळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. नेव्हिन स्क्रिमशॉ, कार्ल टेलर आणि जॉन गॉर्डन यांचा पोषण आणि संसर्ग यांच्या परस्परसंबंधावरील ग्रंथ जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली प्रसिद्ध केला. टेलर यांचे काम पंजाबातील नारंगवाल या खेड्यात चालले होते. कुपोषणामुळे संसर्ग बळावतो, संसर्गामुळे अन्न अंगी लागत नाही, आणि दोघे मिळून जी हानी करतात ती दोघांच्या बेरजेहून मोठी असते, हे त्यांनी मांडले. १९८०च्या दशकाच्या आरंभी इटलीतील बेलाजिओ येथे इतिहासकार आणि वैद्यकतज्ज्ञ एकत्र बसले आणि त्यांनी रोगांची वर्गवारीच केली. गोवर, क्षय, अतिसार, श्वसनाचे विकार यांत पोषणाने निकाल बदलतो. देवी आणि प्लेग यांत फारसा नाही. ते राजा-रंक पाहत नाहीत.

याची खूण सावित्रीबाईंच्याच चरित्रात आहे. १८७७च्या दुष्काळात त्या भुकेल्यांच्या गर्दीत वावरल्या. धनकवडीच्या व्हिक्टोरिया बालाश्रमात सत्यशोधकांनी मुलांना जेवू घातले, त्या कामातही त्या होत्या. वीस वर्षांनी, पुन्हा एका दुष्काळी वर्षात, प्लेगची लागण झालेल्या मुलाला उपचारासाठी नेताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. १८७७च्या तापाने प्रामुख्याने उपाशी माणसे निवडली. १८९७च्या प्लेगला निवड करण्याची गरज नव्हती.

मग बुरशी या वर्गवारीत कुठे बसते? अगदी टोकाला, प्लेगच्या बरोबर विरुद्ध बाजूला. प्लेगचा जंतू धडधाकट माणसालाही लोळवतो. कॅन्डिडा ही बुरशी आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर आयुष्यभर मुक्कामाला असते आणि काहीही बिघडवत नाही. ती घातक होते ती यजमान खचल्यावर. १८३९ साली बर्नहार्ड लांगेनबेक या जर्मन शल्यवैद्याला ती प्रथम दिसली, तीही ज्वराने खंगलेल्या एका रुग्णाच्या शरीरात. तिला कॅन्डिडा हे नाव १९२३ साली क्रिस्टीन बेर्खाउट या डच संशोधिकेने दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ शुभ्र. निवडणुकीला उभे राहणारे रोमन लोक खडूने पांढरा केलेला झगा घालत, त्यावरूनच इंग्रजीतला उमेदवाराचा शब्द आला. ही बुरशीही उमेदवारासारखी संधीची वाट पाहत बसते, हा योगायोग बरा जुळला आहे.

ओतूरच्या मृतांच्या रक्तात बुरशी होती का, हे विचारण्यात अर्थ नाही. १८७७ साली रक्तातील जंतू ओळखण्याची पद्धतच रुळली नव्हती; कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला तो पाच वर्षांनी. शिवाय रक्तप्रवाहातील कॅन्डिडा हा मोठ्या अंशी आधुनिक रुग्णालयाचा आजार आहे. तरी भुकेल्या शरीरावर बुरशी कशी चालून येते याचा ढळढळीत दाखला विसाव्या शतकाने दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर मध्य युरोपातील अनाथालयांत आणि बालरुग्णालयांत खुरटलेली, अशक्त अर्भके एका विचित्र न्यूमोनियाने मरू लागली. १९५२ साली प्रागच्या वानेक आणि यिरोव्हेत्स यांनी त्यामागचा जीव ओळखला : न्यूमोसिस्टिस. त्याला बराच काळ एकपेशीय परजीवी मानले गेले. १९८८ साली त्याच्या आनुवंशिक रेणूंनी तो बुरशी असल्याचे सिद्ध केले. पुढे एड्सच्या साथीने हा आजार जगभर कुप्रसिद्ध केला, पण त्याचे आधीचे बळी उपाशी मुले होती.

आधुनिक कथेचा पुढचा टप्पा पुन्हा पुणे जिल्ह्यातच आहे. १९५४ साली पिंपरीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि देशात पेनिसिलीन बनू लागले. प्रतिजैविकांनी असंख्य प्राण वाचवले. त्यांची दुसरी बाजूही होती : आतड्यातील जिवाणू मेले की तिथली बुरशी मोकळी सुटते. पिंपरीच्याच संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मातीतील एका जिवाणूपासून बुरशीनाशक औषध शोधले. जिवाणूला नाव मिळाले स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना, आणि औषधाला कारखान्याच्या आद्याक्षरांवरून हॅमायसिन. एका जिल्ह्याच्या मातीला जीवशास्त्रात असे कायमचे नाव मिळावे, ही गोष्ट शालेय पुस्तकांत असायला हरकत नव्हती.

त्याच सुमारास अमेरिकेत स्टॅन्ली डड्रिक आणि त्यांचे सहकारी ज्यांना तोंडाने खाता येत नाही अशा रुग्णांना थेट मोठ्या शिरेतून पूर्ण पोषण देण्याची पद्धत घडवत होते. १९६०च्या दशकाअखेरीस ती यशस्वी झाली. हा भुकेवरचा मोठा विजय होता. थोड्याच काळात, १९७१ साली, असे पोषण घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात बुरशी शिरल्याचे अहवाल प्रसिद्ध झाले. दिवसेंदिवस शिरेत राहणारी नळी आणि तीतून वाहणारे साखरेचे दाट द्रावण म्हणजे कॅन्डिडाला उघडा दरवाजा आणि मेजवानी दोन्ही. रुग्णाला उपाशी ठेवावे तर तो खचतो, शिरेतून भरवावे तर बुरशीला वाट मिळते. म्हणूनच आतडे चालत असेल तर शक्यतो तोंडाने किंवा नाकातील नळीने अन्न द्यावे, हा नियम आज डॉक्टर पाळतात.

कुपोषण या लढाईत नेमके काय करते? गडाची रसद तुटली की तट शाबूत दिसला तरी पहारे सैल पडतात, तसे शरीराचे होते. आतड्याचे आतले अस्तर झिजते, म्हणजे पोर्टर यांनी पाहिले तेच. मग आतड्यात राहणारी बुरशी भिंत ओलांडून रक्तात उतरू शकते. छातीतील थायमस ग्रंथी आक्रसते आणि तिथे घडणाऱ्या संरक्षक पेशी घटतात. बुरशीला गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींचा जोर ओसरतो. उपचारही जड जातात. अँफोटेरिसिन हे जुने प्रभावी औषध मूत्रपिंडावर ताण आणते आणि शरीरातील पोटॅशियम-मॅग्नेशियम घटवते. कुपोषित रुग्णाकडे ते आधीच तुटपुंजे असते. आणि फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपेट अन्न दिले तर रक्तातील फॉस्फेट कोसळून जीवही जाऊ शकतो.

भारतातील २७ अतिदक्षता विभागांचा एक मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. दाखल झालेल्या दर १००० रुग्णांमागे सुमारे साडेसहा जणांच्या रक्तात कॅन्डिडा आढळली आणि त्यांतले जवळजवळ ४५ टक्के ३० दिवसांत दगावले. कोण वाचतो हे ठरवणाऱ्या गोष्टी अनेक : वय, मूळ आजार, औषध किती लवकर सुरू झाले, नळी काढली की नाही. त्यांतच, देशोदेशीच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसणारी एक गोष्ट म्हणजे रक्तातील अल्ब्युमिन कमी असणाऱ्यांचे मृत्यू जास्त. मात्र अल्ब्युमिन हे पोषणाचे शुद्ध माप नाही. तीव्र संसर्गाच्या दाहानेही ते खाली येते. १८७७च्या ‘ताप’ या रकान्यासारखाच हा आकडाही भूक आणि रोग एकत्र मिसळून दाखवतो. वजनातील घट, दंडाचा घेर, रुग्णाने गेल्या महिन्यात काय खाल्ले याची विचारपूस, ही साधी मापे अधिक प्रामाणिक असतात, आणि धावपळीत तीच राहून जातात. (२०२१ साली महाराष्ट्रात पसरलेली काळी बुरशी हा वेगळा विषय. तिच्यामागे मुख्यतः मधुमेह आणि स्टेरॉइड होते. दोन्हींची गल्लत करू नये.)

महाराष्ट्राने १८७७ची पुनरावृत्ती टाळली, हेही नोंदवले पाहिजे. १९७२च्या दुष्काळात लाल मिलो आणि सुकडी खाऊन लोक मदतकामांवर राबले. त्या मिलोच्या भाकरीची चव आजही घरोघरी नाक मुरडून सांगितली जाते, पण ती भाकरी मिळाली. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला तो १९७७ साली, ओतूरच्या पत्रानंतर बरोबर शंभर वर्षांनी. रकान्याचा प्रश्न मात्र उरला. १९९०च्या दशकाच्या आरंभी जव्हारमधील वावर-वांगणी आणि पुढे मेळघाट येथे आदिवासी बालके दगावली, तेव्हा ‘कुपोषणाने’ की ‘न्यूमोनिया आणि अतिसाराने’ असा वाद रंगला. २००१ साली डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कोवळी पानगळ’ या अहवालात दाखवले की मुळात बालमृत्यूच सरकारी नोंदींत कमी उतरत होते.

आज रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टर ‘नमुना ४’ भरतात. त्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात मृत्यूचे तात्काळ कारण आणि त्याच्यामागची कारणांची साखळी. दुसऱ्या भागात, मृत्यूला हातभार लावणाऱ्या पण त्या साखळीत न बसणाऱ्या इतर महत्त्वाच्या बाबी. रक्तातील कॅन्डिडा पहिल्या भागात लिहिली जाते. १८७७ साली ओतूरच्या नोंदीत जो रकाना नव्हता, तो या दुसऱ्या भागात आहे : दोन ओळी, कोऱ्या.